दुसरा गिअर का सुटतो? जुन्या जीपच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारले की गावाच्या नावाआधी येते ते घाटावरचा की घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरायचे तर राजूर घाट लागतो, खामगावकडे उतरायचे तर ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथ्याचा रस्ता.

जुनी जीप चालवणाऱ्याला हा भूगोल डाव्या हातात कळतो. उतारावर दुसरा गिअर टाकून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की दांडा थरथरू लागतो आणि एखाद्या वळणावर खट्कन न्यूट्रलला येऊन बसतो. इंजिनचा आवाज एकदम खाली येतो, गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ‘गाडी गिअर फेकते’ असे म्हणून ड्रायव्हर गुडघ्याने दांडा दाबून धरतो आणि तशीच वर्षानुवर्षे चालवतो. गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलेच तर बऱ्याचदा पहिले वाक्य कानावर येते, ‘गिअर गेले, सेट बदलावा लागेल.’ माझे मत याच्या उलट आहे. जुन्या जीपमध्ये दात गेलेले असतात त्याहून कितीतरी वेळा दातांना जागेवर धरणारे किरकोळ भाग गेलेले असतात. तीन वॉशर, दोन बेअरिंग, एखादी स्प्रिंग, कधी नुसता ढिला नट. कोणता, हे डबा, म्हणजे गिअरबॉक्स, खाली उतरवण्याआधीच बरेचसे कळू शकते.

कोणती जीप, कोणता डबा

१९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने निघालेली कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली आणि १९४९ च्या सुमारास मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली. पुढे जी जीप गावोगाव दिसू लागली ती उंच बॉनेटची सीजे ३बी. ‘हरिकेन’ इंजिन आधीच्यापेक्षा उंच होते म्हणून बॉनेट वर गेले. या गाडीत टी ९० नावाचा तीन गिअरचा डबा आणि त्याच्या पाठीला थेट चिकटलेला स्पायसर १८ हा पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा ट्रान्सफर केस असतो. पहिल्या गिअरचे प्रमाण २.७९८, दुसऱ्याचे १.५५१, तिसरा थेट. ट्रान्सफरच्या ‘लो’मध्ये यावर आणखी २.४६ पट ताकद मिळते. सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारी सोय, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला. पहिला आणि रिव्हर्स हे सरकून दातात दात घालणारे साधे गिअर. म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो आणि तो न येणाऱ्याच्या हाती पहिल्या गिअरच्या दातांची टोके हमखास खाल्ली जातात.

१९८० च्या दशकात प्यूजोचे डिझेल इंजिन घेऊन एमएम ५४० आली, नंतर ५५०. कमांडर, मार्शल, आर्मडा यांनी काळी-पिवळी होऊन विदर्भातली प्रवासी वाहतूक ओढली. या गाड्यांत चार आणि पाच गिअरचे डबे आहेत. त्यांचे भाग वेगळे, मापे वेगळी, पण झिजण्याची तऱ्हा बरीचशी तीच. या लेखात मी मुख्यतः टी ९० धरून बोलणार आहे, कारण जुनी जीप हौसेने सांभाळणाऱ्यांकडे तो असतो आणि दुसरा गिअर फेकण्याची त्याची ख्याती जगभर आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पेट्रोल महाग पडते म्हणून कित्येक जीपचे मूळ इंजिन काढून डिझेल बसवले गेले. डिझेलचा जोर खालच्या फेऱ्यांतच मोठा आणि त्याचे धक्केही जास्त. असे इंजिन आणि मागे मूळचा तीन गिअरचा डबा अशी जोडी असेल तर डबा लवकर झिजणारच. दुरुस्ती करावी, पण ती किती टिकेल याचा अंदाज त्या हिशोबाने ठेवावा.

उतारावरच का?

दुसऱ्या गिअरचे दात तिरके कापलेले असतात. आवाज कमी व्हावा म्हणून. पण तिरक्या दातांवर जोर आला की ते एकमेकांना फक्त फिरवत नाहीत, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ढकलतातही. चढावर इंजिन चाकांना ओढते तेव्हा ही ढकल एका बाजूला असते. उतारावर पाय काढला की चाके इंजिनला ओढतात आणि ढकल उलटी होते. गिअर, शाफ्ट, खालचा क्लस्टर (एकाच तुकड्यात घडवलेले खालचे गिअर), सगळे एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकू पाहतात.

नव्या डब्यात सरकायला जागाच नसते. बेअरिंग घट्ट, क्लस्टरच्या दोन्ही टोकांना पुरेशा जाडीचे वॉशर. झिजलेल्या डब्यात प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी मोकळीक तयार झालेली असते आणि ती सगळी मिळून एवढी होते की गिअरला शाफ्टशी बांधणारी बाही, म्हणजे सिंक्रोची स्लीव्ह, दातांवरून अर्धीच बसते. त्या दातांच्या कडा एव्हाना गोलावलेल्या असल्या तर उरलेले काम त्या गोलाईने होते. पाय काढायचा, पुन्हा द्यायचा, पुन्हा काढायचा, अशा दोन-चार हिसक्यांत स्लीव्ह बाहेर येते.

घाटाखालच्या सपाटीवर शेगाव-नांदुरा अशी फिरणारी जीप हा दोष कितीतरी वर्षे लपवून ठेवू शकते, कारण ती तिसऱ्यातच असते. तिसरा थेट आहे. इंजिनकडून आलेला शाफ्ट आणि बाहेर जाणारा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि खालचा क्लस्टर नुसता फिरत राहतो, त्याच्यावर भार नसतो. गाडी घ्यायला जाणाऱ्याने म्हणूनच सपाट रस्त्यावर चक्कर मारून समाधान मानू नये. उतार शोधावा, दुसऱ्यात टाकावी, पाय देत-काढत खाली यावे. हात दांड्यापासून लांब.

काळी माती आणि तेल

जिल्ह्याची काळी माती पावसात फुगते, चिकटते आणि गाडीच्या पोटाखाली वाळून दगड होते. क्लचच्या जोडदांड्यांभोवती, बेल हाउजिंगच्या खालच्या फटीत, ट्रान्सफर केसच्या भोवती तिचे लिंपण बसते. त्या लिंपणाखाली सील गळत असले तरी महिनोन्‌महिने दिसत नाही, कारण तेल माती पिऊन टाकते. दुरुस्तीची सुरुवात म्हणून गाडीचे पोट पाण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ धुऊन घेणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्यावाचून गळती कुठली हे कोणी सांगू शकत नाही.

नाल्यातून गाडी घातली तर आणखी एक प्रकार होतो. तापलेला डबा अचानक गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सिलाच्या कडेने, दांड्याच्या बुडातून, मिळेल तिथून पाणी आत ओढते. तेल दुधट झाले म्हणजे पाणी मिसळले. असे तेल एक दिवसही ठेवू नये. सुई बेअरिंगला गंज चढायला फार वेळ लागत नाही.

टी ९० आणि स्पायसर १८ यांची तेले वेगवेगळी भरायची असली तरी दोघांच्या मधून एकच शाफ्ट जातो. तिथली अडवणूक गेली की तेल एकातून दुसऱ्यात जाते. ट्रान्सफर तुडुंब आणि गिअरबॉक्स कोरडा, अशी अवस्था मग होते. डब्यात मुळातच जेमतेम लिटरभर तेल. त्यातले अर्धे पलीकडे गेले तर सगळ्यात आधी उपाशी राहतात वरचे भाग. दोन्ही लेव्हल प्लग एकाच वेळी उघडून पाहावेत. एकच पाहून काही कळत नाही.

डबा उघडण्याआधी

इथे घालवलेला अर्धा दिवस पुढचे चार दिवस वाचवतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिले तेल. गाडी फिरवून गरम करावी आणि तेल स्वच्छ पसरट भांड्यात काढून उन्हात धरावे. प्लगला चिकटलेली करडी, लोण्यासारखी मऊ लई ही नेहमीची झीज, तिचे काही वाटून घेऊ नये. सोनेरी चमक दिसली तर पितळ झिजते आहे, म्हणजे सिंक्रो रिंग किंवा पितळी वॉशर. बोटांना टोचणारे खवले लागले तर बेअरिंगचा पृष्ठभाग सुटतो आहे. दाताचा तुकडाच निघाला तर पुढची चर्चा नको, डबा उतरवायचा.

मग कान. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू, क्लचवर पाय नाही. घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? क्लच दाबल्यावर डब्यातले सगळेच फिरायचे थांबते, त्यामुळे दोष पुढच्या बेअरिंगमध्ये किंवा क्लस्टरच्या शाफ्टवर. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर डब्याचा काही संबंध नाही, रिलीज बेअरिंग गेले आहे. चालत्या गाडीत पहिल्या-दुसऱ्याला खरखर आणि तिसऱ्यात शांत, तर क्लस्टर. सगळ्याच गिअरमध्ये आणि वेगासोबत वाढणारा आवाज, तर मागचे बेअरिंग किंवा ट्रान्सफर. ट्रान्सफरमधल्या मधल्या गिअरचा शाफ्ट हा स्पायसर १८ चा दुबळा भाग. तो झिजला की गुणगुण करतो आणि गळतोही.

रिव्हर्स टाकताना कर्रर होते ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिच्यासाठी डबा उघडला जातो तो बहुधा फुकट. क्लच पूर्ण दाबून मनात दहापर्यंत आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही कर्रर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. आतला शाफ्ट अजून फिरतो आहे. पेडलची मोकळी चाल तपासा, ती साधारण इंचभर असावी. जोडदांड्यांची भोके लांबट झाली आहेत का, क्लच प्लेट वाकली आहे का, हे पुढे. डब्याला हात लावायची गरज नाही.

आता दुसरा सुटण्याबद्दल. डबा आणि बेल हाउजिंग यांना जोडणारे बोल्ट आधी तपासावेत. ते ढिले असतील तर डबा इंजिनच्या रेषेत राहत नाही आणि स्लीव्ह वाकडी ओढली जाते. पाना लावून दहा मिनिटांत हा प्रश्न निकालात निघतो, आणि तो सुटला तर बाकी काहीच करायचे नाही. नंतर दांडा. डब्याखालचे रबर बसले असेल तर डबा खाली झुकतो आणि दांडा फरशीच्या पत्र्याला घासू लागतो. धक्क्यासरशी पत्राच गिअर बाहेर ओढतो. रबरी बूट वर करून, दुसऱ्या गिअरमध्ये दांड्याभोवती बोट फिरते का, हे पाहणे पुरे.

यानंतरची तपासणी फार थोडे लोक करतात. ट्रान्सफर केसच्या पाठीला, बरोबर गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या रेषेत, एक गोल झाकण असते. मुळात ती पीटीओची, म्हणजे इंजिनची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या जोडणीची जागा. विलिसने ही गाडी शेतकऱ्याला विकली तेव्हा तिच्यावर पंप, करवत, मळणीयंत्र चालेल असे सांगूनच विकली होती. तेल काढून ते झाकण उघडले की आत मेनशाफ्टच्या टोकाचा मोठा नट आणि त्यातली कॉटर पिन समोर दिसते. हा नट ट्रान्सफरच्या गिअरला मागच्या बेअरिंगवर आवळून धरतो. तो ढिला असेल तर अख्खा मेनशाफ्ट मागेपुढे होतो आणि दुसरा गिअर सुटायला तेवढे पुरे असते. पिन तुटून नट अर्धा फेरा मागे आलेला आढळला, तर एवढ्यानेच गाडी बरी होण्याची शक्यता चांगली आहे. नट आवळा, नवी पिन घाला, उतारावर पाहा.

हेही करून गिअर सुटतच असेल तर वरचे कव्हर काढावे. त्यातल्या दोन सळ्या, त्यावरचे काटे, खाचेत बसणाऱ्या गोळ्या आणि त्यांच्यामागच्या स्प्रिंगा वरच हाती येतात. दबून आखूड झालेली स्प्रिंग, एका बाजूला चाकूच्या धारेसारखा पातळ झालेला काटा, खोलगट झालेली सळीची खाच, यांतले काहीही गिअर सोडायला कारण होते. स्प्रिंगांना चहाच्या पैशांइतकाही खर्च नाही. कव्हर उघडे असताना क्लस्टर टॉमीने हलकेच मागेपुढे ढकलून पाहावा. खटखट वाजून तो सरकला, तर आता मात्र डबा उतरवायचा.

खाली उतरवणे

डबा आणि ट्रान्सफर एकत्रच खाली येतात. दोघांचे तेल आधी काढलेले असावे. फरशीचे पत्रे, दांडे, पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची आणि क्लचची जोडणी सुटी करावी. जीपच्या इंजिनाला मागून आधार गिअरबॉक्सखालच्या आडव्या मेंबरचाच असतो, तेव्हा तो काढण्याआधी इंजिनखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे कितीही वेळा सांगितले तरी लोक शिरतात.

डबा सरळ रेषेत मागे ओढावा. पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याचे वजन तोलून धरावे. क्षणभर जरी तो प्लेटवर लटकला तरी प्लेटचा मधला भाग वाकतो आणि सगळे काम संपल्यावर रिव्हर्सची तीच कर्रर सुरू होते.

खाली आल्यावर दोन्ही डबे वेगळे करताना एक सापळा आहे. ट्रान्सफर ओढला की त्याच्याबरोबर मेनशाफ्टही मागे निघतो आणि आतली सिंक्रो, सुया, रिंगा सगळे तळाला कोसळते. म्हणून वरचे कव्हर काढून दुसऱ्या गिअरच्या मागे शाफ्टभोवती बांधकामाची तार घालावी, पिळावी आणि तिची टोके पुढच्या बाजूच्या स्क्रूंना अडकवावीत. मग ट्रान्सफर ओढला तरी शाफ्ट जागचा हलत नाही. विलिसच्या दुरुस्ती पुस्तकातच सांगितलेली युक्ती आहे ही.

टेबलावर

सगळे भाग डिझेलमध्ये धुऊन पांढऱ्या कापडावर, निघाले त्याच क्रमाने मांडावेत. बेअरिंग हवेच्या फवाऱ्याने गरगर फिरवण्याची हौस आवरावी. कोरडे फिरवलेले बेअरिंग तिथेच खराब होते.

आधी क्लस्टरचा शाफ्ट. कुठल्या डब्यात पितळी बुश, कुठल्यात सुट्या सुया. सुया जिथे फिरतात तिथे नख फिरवले आणि ते अडले, तर शाफ्ट बाद. सुया नव्या घालून जुना शाफ्ट ठेवण्याची काटकसर काही महिन्यांचीच. टोकाचे वॉशर दोन बोटांत धरले तरी झीज कळते, खाच पडलेली असते. नवे वॉशर घालून क्लस्टर बसवल्यावर मागेपुढे खेळ साधारण ०.३ ते ०.४५ मिलिमीटर राहावा. फीलर गेजची पाती तिथे सरकवून मोजावे. ‘हाताला बरे लागते’ या मापाने बांधलेले डबे परत येतात.

मग सिंक्रो. धावत्या बैलगाडीत चढणारा माणूस आधी चार पावले तिच्याबरोबर धावतो आणि मग पाय टाकतो. पितळी रिंग गिअरसाठी तेच धावणे करते. गिअरच्या शंकूवर ती घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. रिंग गिअरवर बोटांनी दाबून फिरवून पाहा. ती चिकटून धरली पाहिजे. गुळगुळीत घसरली तर तिच्या आतल्या बारीक रेघा गेल्या. रिंग पूर्ण दाबल्यावर तिची कड आणि गिअरचे दात यांच्यात फट राहायला हवी. ती उरलीच नसेल तर रिंग शंकूवर पकड घेण्याआधीच गिअरला टेकते. लक्षात ठेवायचे ते एवढे : रिंग गेली तर गिअर टाकताना कर्रर होते, स्लीव्ह गेली तर टाकलेला गिअर सुटतो. दोन तक्रारी, दोन भाग. दुकानदार मात्र दोन्हींसाठी रिंगच पुढे करतो.

दातांकडे शेवटी बघावे. पृष्ठभागावर बारीक टोचे, कडांची थोडी गोलाई चालते. खड्डे आणि टवके चालत नाहीत. एक गिअर बदलला तर त्याच्या जोडीचाही बदलावा, नाहीतर नवा गिअर जुन्याच्या वळणाने झिजतो आणि गुणगुणत राहतो. तुटलेला दात वेल्डिंगने भरून ग्राइंडरने घडवण्याची कला आपल्याकडच्या मिस्त्रींना अवगत आहे आणि अडचणीत सापडलेल्या माणसाला ती गावापर्यंत पोचवते. त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नये. गिअरच्या दाताची फक्त वरची साल कडक केलेली असते, गाभा चिवट ठेवलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने ती सालच जाते.

बीडाचा बाहेरचा डबाही पाहायचा. शाफ्ट बसतो ती भोके सैल झाली असतील, शाफ्ट हाताने फिरत असेल, तर नवे भाग घालून उपयोग नाही. चांगल्या लेथवर बुश घालून भोके पुन्हा एका रेषेत घेता येतात, पण तेवढा हात सगळ्यांना नसतो. तडा गेलेला डबा भंगारात द्यावा आणि दुसरा शोधावा.

सुटे भाग

बेअरिंग ‘जीपचे द्या’ म्हणून मागू नये. कड्यावर कोरलेला नंबर वाचून मागावे. या डब्यातली बेअरिंग बाहेरून खाच असलेली असतात आणि त्या खाचेत स्नॅप रिंग बसते. तशा बेअरिंगच्या नंबरापुढे ‘एनआर’ ही अक्षरे असतात. नंबर बरोबर पण खाच नाही, असे बेअरिंग कोणी देऊ केले तर घेऊ नये. ते बसेल, पण शाफ्टला जागेवर धरणार नाही. ज्या दोषासाठी एवढा खटाटोप केला तोच परत.

काळी-पिवळीवाल्या गाड्यांचे भाग खामगाव, मलकापूर, चिखलीत मिळून जातात, नाहीतर अकोला आहेच. टी ९० चे तसे नाही. त्यासाठी मुंबईचे कुर्ला, दिल्लीचे काश्मिरी गेट आणि हरियाणातले मंडी डबवाली या गावांची नावे जीपवाल्यांच्या तोंडी असतात. डबवालीत तर जीप बांधणे हा गावाचा धंदाच आहे. कुरिअरने मागवताना जुना भाग मोजपट्टीशेजारी ठेवून त्याचा फोटो पाठवावा आणि गिअरचे दात मोजून लिहावेत. एकाच नावाच्या डब्यात निरनिराळ्या वर्षी निरनिराळे दात निघाले आहेत. जुना पण मूळचा, चांगल्या दातांचा गिअर मिळाला तर चकचकीत नव्या नकलेपेक्षा मी तोच घेईन.

परत बांधणी

सगळ्यांत किचकट काम सुयांचे. क्लस्टरच्या पोटात घट्ट ग्रीस भरायचे, एकेक सुई चिकटवत गोल पुरा करायचा आणि मध्ये खोटा शाफ्ट घालायचा. खोटा शाफ्ट म्हणजे लेथवाल्याकडून करून घेतलेला लाकडी किंवा लोखंडी दांडका, जाडी खऱ्या शाफ्टइतकी, लांबी मात्र फक्त क्लस्टरइतकी. क्लस्टर डब्यात उतरवला की खरा शाफ्ट मागून घालत जायचा आणि खोटा पुढून बाहेर ढकलत जायचा. दोघांची टोके शेवटपर्यंत एकमेकांना टेकलेली हवीत. मध्ये दोन मिलिमीटरची फट पडली तर तेवढ्यात एक सुई आडवी होते आणि पुन्हा पहिल्यापासून. इथे रेडिओ बंद करून काम करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

वॉशरचे कान डब्याच्या खाचेत बसलेत ना, हे आरसा धरून पाहावे. सगळे आवळल्यावर, वरचे कव्हर लावण्याआधी, प्रत्येक गिअर हाताने टाकून शाफ्ट फिरवावा. क्लच प्लेट मधोमध बसवायला जुना पुढचा शाफ्ट कामी येतो. तो फेकू नये. ट्रान्सफरच्या नटाला पिन नवीच. मधल्या शाफ्टच्या ओ-रिंगा, सील आणि पॅकिंग तर नवी घालायचीच. पॅकिंगवर सिलिकॉन थापू नये. आत सांडलेले थेंब तेलाच्या वाटेत अडकतात.

कागद

आरसी बुकावर इंजिनचा आणि चासीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. डबा बदलला म्हणून आरटीओची पायरी चढावी लागत नाही; इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद हवी. एमएच २८ ची जुनी खासगी जीप पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला न्यावी लागते, तेव्हा डिझेल बसवलेल्या गाडीची जुनी हयगय तिथे बाहेर येते.

तेल आणि पहिले काही दिवस

दुकानात गिअर ऑइल मागितले की सहसा जीएल-५ हाती येते. ते डिफरन्शिअलसाठी चांगले. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायने जास्त आणि त्यातली काही पितळ खातात. सिंक्रो असलेल्या डब्यात जीएल-४, ९० किंवा ८०डब्ल्यू-९०, हे मागून घ्यावे. आवाज दबावा म्हणून १४० चे घट्ट तेल किंवा ग्रीस भरण्याची रीत जुनी आहे. गाडी विकायची असेल तेव्हाच ती उपयोगी पडते, आणि घेणाऱ्याने म्हणूनच तेल बोटावर घेऊन पाहावे.

पहिले काही दिवस भार नको, नांगरटीतून ओढाओढ नको. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावू नये. या ट्रान्सफरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावून घेणारे काही नाही, त्यामुळे वळणावर सगळा पीळ गिअरांत साठतो आणि दांडा अडकून बसतो. तसा अडकला तर हातोडी मारू नये. गाडी चार हात मागे घ्यावी, पीळ सुटतो. ‘लो’ लावायचा तर पुढची चाके जोडावीच लागतात, तेव्हा तो मातीतच.

पाचेकशे किलोमीटरनंतर तेल काढून पुन्हा उन्हात धरावे. नव्या भागांची थोडी करडी लई निघेल, ती पुसून टाकावी आणि तेल नवे भरावे. आताही सोनेरी चमक दिसली, तर वरचे कव्हर पुन्हा उघडायचे आणि सगळ्यात आधी वॉशरचे कान पाहायचे. बहुधा एखादा खाचेबाहेर राहून फिरत असतो.